मोहफूल : अन्न, आतिथ्य आणि साधनांचे वर्गीकरण

आपल्याकडील भोजनपद्धतीच्या इतिहासाचा अभ्यास अद्याप प्रामुख्याने राजदरबारांच्या पाकग्रंथांवर उभा आहे. हे स्वाभाविक आहे. कारण लिहून ठेवण्याची ऐपत व हौस ज्यांना होती त्यांचीच ताटे आपणास आज दिसतात. तथापि ह्या सोयीमुळे एक दोष अभ्यासात शिरला आहे. जे पदार्थ पंक्तीत मिरवले त्यांना ‘पाककला’ म्हणावयाचे, आणि जे मुकाट्याने पोटात गेले त्यांना ‘दुष्काळी अन्न’, ‘वनोपज’ अथवा ‘मद्याचा कच्चा माल’ म्हणावयाचे, अशी विभागणी आपण नकळत स्वीकारून बसलो आहोत. प्रस्तुत लेखात ह्या विभागणीची तपासणी एका फुलाच्या निमित्ताने करावयाची आहे. ते फूल म्हणजे मोहाचे.

फुले खाण्याची चाल आपल्याकडे काही नवलाची नव्हे. हादग्याच्या फुलांची भाजी, शेवग्याच्या फुलांची भाजी, केळफूल, भोपळ्याच्या फुलांची भजी, कोकणातील कुड्याची फुले ही अनेकांच्या घरच्या माहितीतील आहेत. आश्विनात मुली ज्या खेळाभोवती फेर धरतात व शेवटी खिरापत ओळखावयास लावतात, त्या खेळाला कित्येक ठिकाणी ‘हादगा’ हेच नाव आहे. ह्या चालीचा शास्त्रीय ग्रंथांतील आधारही जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सेहेचाळिसाव्या अध्यायात, म्हणजे अन्नपानविधीत, शाकांच्या जोडीने पुष्पवर्ग आला आहे. कोविदार, शण व शाल्मली ह्यांची फुले तेथे मधुर सांगितली आहेत; वृष म्हणजे अडुळसा आणि अगस्त्य म्हणजे हादगा ह्यांची कडू. हादग्याचे फूल रातांधळ्यास हितकर, असाही अभिप्राय तेथे आहे. ह्या ठिकाणी फूल हे देवाला वाहण्याची वा वेणीत माळण्याची वस्तू नाही. ते शिजवून खावयाचे अन्न आहे आणि त्याचे गुणदोष इतर अन्नाप्रमाणेच मोजलेले आहेत.

ह्याच अध्यायात मोहफूलही आहे, पण ते पुष्पवर्गात नाही. ते फळांच्या वर्गात, द्राक्ष, काश्मर्य (शिवण) व खर्जूर ह्यांच्या पंगतीस बसविलेले आहे. संहिताकाराचा हा घोटाळा नव्हे, कारण मधूकाचे ‘कुसुम’ आणि त्याचे ‘फळ’ ह्यांचे गुण त्याने स्वतंत्र दिले आहेत. त्याला ते फूल असल्याचे पक्के माहीत होते, आणि तरीही वापरावरून त्याने त्याला मनुका व खजुराच्या शेजारी ठेवले. त्याने दिलेली विशेषणे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत : फूल बृंहणीय, म्हणजे शरीर पुष्ट करणारे, गुरू, म्हणजे पचावयास जड, आणि अहृद्य. ह्या शेवटच्या शब्दाकडे पुढे पुन्हा यावे लागेल. चरकसंहितेत हेच फूल दुसऱ्या एका यादीत सापडते. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील चौऱ्याऐंशी आसवांत दहा पुष्पासवे सांगितली आहेत व त्यांत पद्म, उत्पल, धातकी इत्यादींबरोबर मधूक आहे. अन्न आणि आसव ही मोहफुलाची दोन रूपे अशा रीतीने आरंभापासून शेजारी शेजारी नांदत होती. वैद्यकाला त्यात विरोध दिसला नाही.

दरबारी ग्रंथांकडे वळले म्हणजे फुलाचे काम पालटलेले दिसते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त अन्नभोग व पानीयभोग अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत. राजाने कोणाकोणाच्या समवेत जेवावे, ताट कसे मांडावे, पदार्थ कोणत्या क्रमाने वाढावेत, ह्यांचा तपशील तेथे येतो. पिण्याचे पाणीही नुसते स्वच्छ असून भागत नाही. ते फुलांनी व सुगंधी द्रव्यांनी वासित करावयाचे असते. फुलाचा अर्क पाण्यात उतरला की फूल बाजूला. हा राजा खाण्याच्या बाबतीत सोवळा होता अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. नदीकाठच्या शेतांत पोसलेल्या काळ्या उंदरांना सोलून भाजण्याची कृती त्याने तितक्याच आस्थेने दिली आहे. (‘मानसोल्लास’ हा केवळ पुरणपोळीचा पूर्वज शोधण्यासाठी वाचणाऱ्या अभ्यासकांनी हे प्रकरण सहसा ओलांडले आहे.)

साडेतीनशे वर्षांनंतर माळव्यातील मांडूच्या दरबारात लिहिला गेलेला ‘निमतनामा’ ह्याच वाटेचे दुसरे टोक दाखवतो. गियासुद्दीन खलजी (राज्यकाल १४६९ ते १५००) ह्याच्या वेळी आरंभ झालेला व त्याचा पुत्र नासिरुद्दीन ह्याच्या काळात पुरा झालेला हा सचित्र फार्सी ग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातील पन्नास चित्रांपैकी कित्येकांत सुलतान स्वतः पाकसिद्धीवर देखरेख करीत बसला आहे व भोवती स्त्रिया भांडी, तबके व सुरया घेऊन उभ्या आहेत. समोसे, सरबते, भात, विडे आणि सुगंधी द्रव्ये ह्या सर्वांच्या कृती एकाच ओघात येतात, कारण त्या दरबाराच्या दृष्टीने ती एकाच विद्येची अंगे होती. गुलाबपाणी, केशर, कापूर, कस्तुरी ह्यांचा हात जवळजवळ प्रत्येक पदार्थावरून फिरतो. येथे आतिथ्य म्हणजे पाहुण्याच्या नाकाला जिंकणे. सुगंधी फुलाचे मोल त्याच्या दुर्मिळतेत व उडून जाण्याच्या गुणात आहे. पोट भरण्याशी त्याचा संबंध नाही, किंबहुना नसावा अशीच अपेक्षा आहे.

मोहफुलाचे वर्तन ह्याच्या अगदी उलट आहे. ते भरपूर असते, फुकट पडते, वाळवून वर्षभर ठेवता येते आणि पोट भरते. त्याचा वास आहे, पण तो तबकात ठेवावा असा नाही. अशा फुलाची वर्णने म्हणूनच पाकग्रंथांपेक्षा प्रवाशांच्या व राज्यकर्त्यांच्या निरीक्षणांत शोधावी लागतात. त्यांतील तीन साक्षी येथे एकमेकींशेजारी ठेवून वाचावयाच्या आहेत.

पहिली साक्ष इब्न बतूता ह्याची. महंमद तुघलकाच्या दिल्लीत काझीपद भूषविलेल्या ह्या मोरक्कोच्या प्रवाशाने १३३४ ते १३४२ ह्या काळात पाहिलेल्या हिंदुस्थानातील झाडांचे वर्णन करताना मोहाला जागा दिली आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : ह्याची पाने अक्रोडाच्या पानांसारखी, पण त्यांत तांबडी-पिवळी झाक. फळ लहान नासपतीसारखे. प्रत्येक फळाच्या माथ्यावर द्राक्षाएवढा एक पोकळ दाणा असतो. त्याची चव द्राक्षासारखी, मात्र फार खाल्ल्यास डोके दुखते. उन्हात वाळविला की हा दाणा अंजिरासारखा लागतो, आणि ह्या देशात अंजीर मिळत नसल्याने आपण त्याऐवजी हेच खात असू. लोक ह्या दाण्याला ‘अंगूर’ म्हणतात. झाड वर्षातून दोनदा फळते आणि बियांचे तेल दिव्यांसाठी काढतात.

ह्या वर्णनातील ‘दाणा’ म्हणजे फूल होय, ह्यात संशय घेण्याचे कारण नाही. मोहाच्या फुलाची पाकळ्यांची नळी मांसल, फिकट पिवळसर व आतून पोकळ असते. देठ व तांबूस लोकरीचे संदले झाडावरच राहतात आणि हा गर तेवढा पहाटेच्या सुमारास जमिनीवर गळून पडतो. जमिनीवरून उचललेल्या त्या गोळ्याकडे पाहून हे फूल आहे असे अपरिचित माणसाला सुचणे कठीण. ‘वर्षातून दोनदा फळते’ हे विधानही ह्याच गैरसमजातून आले असावे असे मला वाटते. मार्च-एप्रिलमध्ये फुलांचा हंगाम होतो आणि पावसाच्या तोंडाशी त्याच झाडाची फळे, म्हणजे मोहट्या किंवा विदर्भात ज्यांना टोळ म्हणतात ती, हाती येतात. गोळा करणाऱ्याच्या दृष्टीने ही दोन पिकेच आहेत. इब्न बतूताने पाहिले बरोबर, पण त्याला नावे चुकीची ठाऊक होती.

दुसरी साक्ष बाबराची. १५२६ नंतर हिंदुस्थानविषयी तुर्कीत लिहिलेल्या प्रकरणात त्याने येथील फळांची जी यादी दिली तीत मोह येतो. बाबर नोंदवतो की ह्या झाडाला ‘गुल-चिकान’ असेही म्हणतात. हिंदुस्थानी लोकांच्या घरांतील बहुतेक लाकूड ह्याचेच. फुलांपासून अर्क गाळतात. फुले वाळवून किसमिसांसारखी खातात आणि त्या वाळलेल्या फुलांपासूनही अर्क काढतात. ‘गुल-चिकान’ ह्या नावात ‘ठिबकणे’ ह्या अर्थाचा फार्सी धातू असावा. तसे असल्यास झाडावरून टपटप गळणारे फूल असा त्याचा अर्थ लावता येतो. हिंदुस्थानातील जवळजवळ प्रत्येक वस्तूवर नाराज असलेल्या ह्या बादशहाचा अभिप्राय येथेही राखूनच आहे : वाळलेले फूल किसमिसासारखे, पण त्याला एक वाईट चव, ताजे फूल मात्र वाईट नाही, खाण्याजोगे आहे.

हा अभिप्राय सुश्रुताच्या ‘अहृद्य’ ह्या शब्दाशी ताडून पाहण्यासारखा आहे. प्रस्तुत लेखकाने वाळलेली मोहफुले खाऊन पाहिली आहेत. पहिल्या घासाला मनुकेची गोडी, आणि पाठोपाठ जिभेच्या मुळाशी एक उग्र, आंबूस, थोडासा कुजकट वास असा तो क्रम आहे. भाजल्यावर तो वास बराच उतरतो. इतक्या दूरच्या दोन काळांत, दोन भाषांत, परस्परांचा पत्ता नसलेल्या दोन लेखकांनी एकाच फुलाला मनुकेच्या जातीचे ठरवावे आणि दोघांनीही त्याच्या मनाजोगतेपणाविषयी तक्रार करावी, हा योगायोग मानण्यापेक्षा दोघांनी ते खरोखर चाखले होते असे मानणे अधिक सयुक्तिक होईल. ‘अहृद्य’चा अर्थ टीकाकारांप्रमाणे हृदयास अहितकर असा घेतल्यास हे साम्य थोडे ढिले पडते, हे मान्य केले पाहिजे.

तिसरी साक्ष अबुल फज़लची. अकबराच्या कारकीर्दीच्या उत्तरार्धात, १५९० नंतरच्या दशकात सिद्ध झालेल्या ‘आईन-इ-अकबरी’त फळांच्या प्रकरणात मोहाविषयी दोन-तीन वाक्ये आहेत. झाड आंब्यासारखे असते, लाकूड इमारतीस उपयोगी पडते आणि ‘गिलौंदा’ नावाच्या त्याच्या फळापासून मादक पेय निघते, एवढेच तो सांगतो. म्हणजे ज्या फुलाला बाबराने स्पष्टपणे फूल म्हटले होते त्याचे साठ-सत्तर वर्षांनी पुन्हा फळ झाले, आणि ते लोक खातात ही गोष्ट गळून गेली. ‘आईन’ हा ग्रंथ कचेऱ्यांकडून मागविलेल्या माहितीतून उभा राहिला. कचेरीच्या दृष्टीने मोहाला दोनच अर्थ होते : इमारतीचे लाकूड आणि मद्य. बाबर स्वतः जिभेने लिहीत होता. अबुल फज़ल जमाबंदीच्या दृष्टीने. साधन जितके अधिक व्यवस्थित, तितके ते अधिक विश्वसनीय, हा आपला नेहमीचा समज येथे उपयोगी पडत नाही.

ज्यांनी ह्या फुलावर दिवस काढले त्यांच्या स्वयंपाकाकडे आता वळू. फाल्गुन-चैत्रात झाडाची पाने झडतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फुले रात्री व पहाटे गळतात. झाडाखालची जमीन आधी झाडून किंवा पालापाचोळा जाळून स्वच्छ केलेली असते. उजाडण्यापूर्वी स्त्रिया व मुले टोपल्या घेऊन निघतात, कारण उशीर झाला तर गुरे, हरणे आणि अस्वले आधी पोचतात. दोन-तीन आठवड्यांच्या ह्या हंगामाचे महत्त्व त्याच्या वेळेत आहे. खरिपाचे धान्य ज्यांच्या कणगीत फाल्गुनापर्यंतच पुरते, त्यांना नव्या पिकापर्यंतचे सहा-सात महिने ओढावयाचे असतात, आणि नेमक्या त्याच तोंडाला झाड हे गोड अन्न जमिनीवर टाकते. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. प्रथिने मात्र बेताचीच. म्हणून हे फूल एकटे क्वचितच खाल्ले जाते. चिंचोके किंवा सालवृक्षाच्या बिया ह्यांच्याबरोबर ते शिजवितात, भाजून-कुटून तिळाबरोबर त्याचे लाडू वळतात, ज्वारीच्या वा तांदळाच्या पिठात मिसळून भाकरी थापतात, किंवा पाण्यात उकळून व गाळून काकवीसारखा दाट रस आटवतात. फुलांच्या आतील केसर काढून टाकणे, उग्र वास जाईपर्यंत भाजणे, पहिले पाणी फेकून देणे ह्या सर्व कृती म्हणजे पाकशास्त्रच होय. ते कोणी राजाच्या नावाने ग्रंथबद्ध केले नाही, इतकाच फरक.

आतिथ्याच्या बाबतीतही हेच म्हणावयास हवे. गोंड, कोरकू, भिल्ल, वारली आदी समाजांत जन्म, लग्न, मृत्यू व देवकार्य ह्या प्रसंगी मोहाच्या दारूचे स्थान सर्वांच्या परिचयाचे आहे. देवाला पहिला थेंब जमिनीवर सोडल्यावाचून ती पिण्यास आरंभ होत नाही. पाहुण्यासमोर तिचा पेला येतो तसा घरात साठवलेल्या फुलांचा गोड पदार्थही येतो. वंशवर्णनकारांच्या लेखनात पहिल्या गोष्टीला पाने लाभतात, दुसरीला ओळ. व्हॅलेंटाइन बॉल ह्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानातील वन्य प्रदेशांविषयीच्या पुस्तकात ह्या फुलाच्या अन्न म्हणून होणाऱ्या उपयोगाची सविस्तर दखल घेतली. बॉल हा ह्या बाबतीत अपवाद म्हणावा लागेल.

अबुल फज़लच्या दप्तरातील वर्गीकरण पुढे कायद्यात कसे उतरले हे मुंबई इलाख्यात स्पष्ट दिसते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद करून मद्यनिर्मिती मोठ्या ठेकेदारांच्या हाती एकवटण्याचे धोरण दृढ झाले. उरण येथील भट्ट्यांत मोहाचीच दारू निघत असे, आणि तिच्यासाठी लागणारी फुले पंचमहालासारख्या दूरच्या प्रदेशातून रेल्वेने येत. इकडे त्याच भट्ट्यांच्या आसपासच्या डोंगरांत मोहाची झाडे होतीच, व झाडाखाली राहणारे लोक घरच्या घरी दारू गाळीत. सरकारी महसुलाला ही गोष्ट सहन होणारी नव्हती. घरोघरच्या भट्ट्या पकडणे अवघड. फूल पकडणे सोपे. त्यातून १८९२ चा तिसरा कायदा, म्हणजे मुंबईचा मोह कायदा, झाला आणि ठाणे व कुलाबा ह्या जिल्ह्यांत मोहफुलांचा संग्रह व व्यापार बंधनात आला.

ह्या कायद्यासंबंधी आजवर झालेले लेखन मद्य, महसूल आणि आदिवासींचा प्रतिकार ह्या अंगांनी झाले आहे. ते महत्त्वाचे आहे व त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु येथे दुसरा प्रश्न उभा राहतो. ज्या वस्तूला संहिताकाराने मनुकेशेजारी ठेवले, जी परक्या प्रवाशाने अंजिराऐवजी खाल्ली व जी बादशहाने नाक मुरडीत का होईना चाखून पाहिली, ती ठेवणे एका विशिष्ट लोकसमूहाला जोखमीचे झाले, आणि तेही ती अन्न आहे हे कोणी नाकारले म्हणून नव्हे. सरकारच्याच ग्रंथांत ती अन्न म्हणून नोंदलेली होती. जॉर्ज वॅट ह्यांचा हिंदुस्थानातील आर्थिक उपयोगाच्या द्रव्यांचा कोश ह्याच सुमारास, १८८९ ते १८९३ ह्या वर्षांत, प्रसिद्ध होत होता, आणि त्यात मोहाच्या अन्नगुणांची विस्तृत चर्चा आहे. एकाच राजवटीच्या एका हाताने फुलाला अन्न म्हणून कोशात घातले व दुसऱ्या हाताने मद्य म्हणून कायद्यात. व्यवहारात दुसरा हात जोरकस ठरला.

कायद्यानंतर चार वर्षांनी १८९६–९७ चा आणि पुढे १८९९–१९०० चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात, जेथे असे बंधन नव्हते, तेथे ह्या वर्षांत मोहफुलांचा आधार लोकांना मिळत राहिला. ठाणे-कुलाब्याच्या डोंगरी भागाशी ह्याची तुलना करण्याचे काम कोणी तरुण अभ्यासकाने अंगावर घ्यावे असे आहे. त्यासाठी अबकारी खात्याच्या वार्षिक अहवालांतील खटल्यांचे आकडे व दुष्काळ-निवारणाच्या कामांचे तालुकावार आकडे समोरासमोर मांडावे लागतील. अबकारी अहवाल वाचताना मात्र एक सावधगिरी हवी. त्यांत जप्त झालेल्या फुलांची नोंद असते. ती फुले भट्टीसाठी होती की भाकरीसाठी, ह्याची नोंद नसते, कारण कायद्याला तो प्रश्नच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर दारूबंदीचे धोरण आले, त्यामागील हेतू निराळे होते. परंतु १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमातही मोहफुलांविषयी तरतुदी राहिल्या. महसुलासाठी घातलेले बंधन नीतीसाठी चालू राहिले, आणि फुलाची जागा तीच राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी व ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केल्यावर प्रथमच ह्या वर्गीकरणाच्या मुळाशी हात गेला. अलीकडे मोहफुलांचे लाडू व सरबते शहरांतील प्रदर्शनांत मांडली जातात, आणि काही उपाहारगृहांत पाहुण्यांपुढे नवलाचा पदार्थ म्हणून ती येतात. त्यांना ‘नवीन शोध’ म्हटले जाते त्याचे हसू येते, पण त्यात राग धरण्यासारखे काही नाही. बाबरालाही तो शोधच वाटला होता.

ग्रंथसूचीविषयी एक गोष्ट राहिली. आमच्याच विभागाच्या ग्रंथालयातील जुन्या विषयसूचीत ‘मोह’ ह्या शब्दासमोर ‘मद्य पाहा’ असा निर्देश आहे. ‘मद्य’ह्याखाली पाहिले असता अबकारी अहवाल, दारूबंदीची चौकशी आणि नीतिविषयक पुस्तिका मिळतात. सुश्रुताचा अन्नपानविधी तेथे नाही. तो ‘आयुर्वेद’ह्याखाली, दुसऱ्या मजल्यावर आहे.